‘प्रभूमध्ये झोपी गेले’ लिहायचं की नाही

२५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी कबरीला चुना लावायचा होता.

चुना आदल्या दिवशीच विझवून ठेवला होता. पत्र्याच्या डब्यात कळीचा चुना टाकून वर पाणी ओतायचं आणि तो उकळायला लागला की तोंड लांब ठेवायचं. एवढंच त्यात शिकण्यासारखं आहे. गार झाल्यावर मूठभर मीठ घातलं, थोडी नीळ घातली, जुन्या साडीच्या फडक्यातून गाळला आणि डबा रिक्षात पायाशी धरून कबरस्तानात नेला. दोन नोव्हेंबरला आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. त्याआधीच्या आठवड्यात गवत काढणं, चुना लावणं उरकून घ्यायचं असतं. एकट्या बाईनं कबर रंगवायला बसलेलं लोकांना बघवत नाही, म्हणून दोघातिघांनी मदतीला पोरगं पाठवतो म्हटलं. मी नको म्हटलं. विटांची चौकट ती केवढी, त्याला किती वेळ लागणार.

माझे यजमान मागच्या वर्षी गेले. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. ड्युटीवरून आले, बूट काढायला बसले आणि बसलेलेच राहिले. मूल आम्हाला झालं नाही. क्वार्टर सोडावं लागलं, आता मी नांदेडातच दोन खोल्यांत राहते आणि रेल्वेच्याच ऑफिसात रजेचे अर्ज बघते. घरात बोलायला कोणी नसलं की माणूस स्वतःशी बोलायला लागतो असं म्हणतात. मला तेही जमलेलं नाही. ऑफिसातून आल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एक शब्दही बोललेली नसते, आणि हे माझ्या लक्षात येतं ते दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’ म्हणताना घसा खरखरला की.

कबरीवर लगेच दगड बसवत नाहीत. माती एक पावसाळा बसू द्यावी लागते, नाहीतर दगड कलतो. तो पावसाळा झाला होता. चौकटीची शेवटची बाजू रंगवत होते तेवढ्यात दगड घडवणाऱ्या मिस्त्रीचा फोन आला.

"बाई, पत्थर घासून तयार हाय. मजकूर?"

"नाव आणि तारखा दिल्यात ना तुम्हाला."

"त्या दिल्या. खालची लाइन? तुमच्या लोकायची असती ती. त्याच्यावर अक्षर किती मोठं धरायचं ते ठरतंय."

"सोमवारी सांगते."

"सोमवारी मी देगलूरला चाललो. उद्या दुपारपर्यंत सांगा, नाहीतर दोन तारखेला पत्थर बसत न्हाई. मग मला नावं ठेवू नका."

खालची लाइन म्हणजे काय, ते सांगते. आमच्या मंडळीत एक रीत आहे. कुठं लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. जो माणूस प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकरी आणि द्राक्षरस, घेत होता, त्याच्या दगडावर नावाखाली ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ असं कोरतात. जो घेत नव्हता, त्याच्या दगडावर नाव आणि तारखा. दफनाला कोणाची अडवणूक होत नाही. जागा सगळ्यांना सारखीच, प्रार्थना तीच, रडायला येणारी माणसंही तीच. फक्त ती ओळ नसते. आणि कबरस्तानात फिरताना बायकांचे डोळे बरोबर तिथंच जातात. "ह्यांना ओळ न्हाई," असं हळू आवाजात म्हणतात. मी स्वतः म्हटलेलं आहे.

माझ्या यजमानांनी शेवटची वीसेक वर्षं प्रभुभोजन घेतलं नव्हतं.

ते उपासनेला यायचे. ड्युटी नसली की दर रविवारी, इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्या आधी तयार. गीतं मोठ्यानं गायचे. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकावरून फिरत आलं की मात्र ते दोन्ही हातांनी घ्यायचे आणि न उचलता माझ्याकडे द्यायचे. द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचंही तसंच. लोकांनी आपापली कारणं लावली. पितात म्हणाले. त्यांची ड्युटी बऱ्याचदा मुदखेडला संपायची, तर मुदखेडला कोणीतरी आहे असंही म्हणाले. मुदखेडला त्यांच्यासाठी रनिंग रूमची, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीतली, खाट आणि पातळ वरण होतं, हे मला माहीत होतं, पण ते मी कोणाकोणाला सांगत फिरणार?

खरं कारण लोकांनी लावलं त्याच्या अगदी उलट होतं. लग्नाच्या आधी लातूरला, त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दीर, शास्त्राच्या अभ्यासाचा वर्ग घ्यायचा. दीर हुशार, शाळेत हेडमास्तर झाला, रविवारी प्रचार करायचा, अजून करतो. त्याची शिकवण अशी, की जग निर्माण व्हायच्या आधीच देवाला सगळं माहीत होतं, आणि नुसतं माहीत नव्हतं, त्यानं ठरवलंही होतं. कोण आपला, कोण नाही. त्यात माणसाच्या लायकीचा काही संबंध नाही. कुंभार मातीला विचारून मडकी करत नाही. दिराला ह्यातून शांती मिळाली. सगळं देवाच्या हातात आहे म्हटल्यावर तो रात्री छान झोपायला लागला. मोठा भाऊ तीच गोष्ट ऐकून घरी आला आणि विचार करत बसला, की मग माझं नाव त्यात आहे का?

ते उत्तर त्यांना मिळालं नाही. आणि उत्तर नसताना त्या ताटाला हात लावणं त्यांना खोटेपणा वाटायला लागला. कोणी विचारलं, "काय साहेब, ताट पुढं का सारता?" तर म्हणायचे, "वेटिंगवर हाय." रेल्वेच्या वस्तीत ह्यावर सगळे हसायचे. घरी आल्यावर मला म्हणायचे, "चार्ट तर दुनिया बनायच्या आधीच लागलाय. फक्त डब्यावर चिकटवलेला न्हाई. कन्फर्म नसताना बर्थवर आडवं व्हायचं, आणि मग टीसीनं येऊन उठवायचं. त्याच्यापेक्षा उभं राहिलेलं बरं."

मी वाद घालायचे. मला असल्या गोष्टी सरळ करून टाकायला आवडतात. "अहो, माहीत असणं वेगळं आणि करणं वेगळं. पूर्ण्याहून येणारी गाडी दोन तास लेट आहे, हे ऑफिसात मला आधी कळतं. माझ्या कळण्यानं ती लेट झाली का? देवाला माहीत आहे कोण कुठं जाणार. म्हणून त्यानं ढकललं असं होतं का?"

ते कांदा फोडत होते. म्हणाले, "गाडी तू बनवली न्हाईस. रूळ तू टाकले न्हाईस. डायवर तू पैदा केला न्हाईस. ज्यानं हे समदं केलं आणि वर त्याला समदं माहीत बी होतं, त्याला तुझ्यासारखे हात झटकता येत न्हाईत."

"मग मी काय म्हणू?"

"तू म्हण, जेवायला बसा."

असे आमचे वाद. भांडण त्यावरून कधी झालं नाही.

चुन्याचा डबा धुऊन मी कबरस्तानातून निघणार एवढ्यात पाळकसाहेब मोटारसायकलवरून आले. वयानं माझ्या भाच्याएवढे, ही त्यांची पहिलीच नेमणूक. ओळीचं मी त्यांना महिन्यापूर्वीच विचारून ठेवलं होतं.

"सलाम, बाई. मंडळीच्या पंचांशी बोललो मी. माणूस म्हणून मी तुमच्या बाजूनं आहे."

"आणि पाळक म्हणून?"

ते जरा हसले. "पंचांना काहीतरी आधार पाहिजे. आज ह्यांना दिली तर उद्या सगळेच मागतील. तुमचे लातूरचे दीर, ते सख्खे भाऊ, शिवाय प्रचारक. त्यांनी एक शब्द टाकला, की भाऊ विश्वासात होता, तरी पंच मान्य करतील. फोनवर सांगितलं तरी चालेल."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं? ते निवडलेले होते की नव्हते?"

"बाई, देवाचं आधीपासून जाणणं आणि माणसाची मोकळीक, दोन्ही खरं आहे. जसे रेल्वेचे दोन रूळ. कुठं मिळत नाहीत, पण गाडी दोन्हींवर चालते."

रेल्वेच्या माणसांसमोर प्रत्येक नवा पाळक हा दाखला देतोच. आमचे यजमान बाहेर आल्यावर म्हणायचे, "ह्यांना एकदा सांधे बदलायला न्यायला पाहिजे, रूळ कुठं मिळतात ते दिसंल." मी पाळकसाहेबांना तसं काही म्हटलं नाही. उद्या दुपारपर्यंत कळवते म्हटलं.

फोन केला असता तर काम झालं नसतं. आमचा दीर फोनवर ‘बघू, वहिनी, प्रार्थना करू’ म्हणतो आणि ठेवतो. मी घरी डबा ठेवला, हातावरचा चुना धुतला आणि लातूरची एसटी धरली.

लोह्याच्या पुढं रस्त्याच्या कडेला सोयाबीनचे ढीग लागले होते, मळणीयंत्रांचा धुरळा खिडकीतून आत येत होता. मी पदर नाकाला धरून विचार करत बसले. ती ओळ मला इतकी का हवी होती? लोकांच्या बोलण्यासाठी नव्हे. लोकांचं बोलणं मी वीस वर्षं ऐकलेलं आहे. मला सारखं असं वाटत होतं, की ते कुठंतरी बाहेर उभे आहेत, हातात पिशवी घेऊन, डब्याच्या दारापाशी. आणि आतून कोणीतरी ‘या’ म्हणायला पाहिजे, ते म्हटलं जात नाही. ओळ कोरली की ते आत गेले, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. बाकी कोणाला मी हे बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोलायला बाकी कोणी नव्हतंच.

अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मला एक मुद्दा सुचला. ज्याला जेवायला बोलावणाऱ्याचीच पर्वा नाही, तो पंगतीत बसायला कशाला भिईल? तो येईल, खाईल, जाईल. आमच्या मंडळीत असे आहेत. त्या ताटाची एवढी भीती ज्याला वाटली, तो त्या घरचाच असणार. मुद्दा चांगला होता. ज्यांना सांगायचा ते आता नव्हते.

दीर व्हरांड्यात जाऊबाईंच्या शिलाई मशीनला तेल घालत बसला होता. मला बघून उठला.

"वहिनी? काही झालं का?"

"काही झालं नाही. तुमच्याकडून एक शब्द न्यायला आले."

जाऊबाईंनी पाणी दिलं, हातपाय धुवा ताई म्हणाल्या. मी तशीच बसून सगळं सांगितलं. दीर ऐकत राहिला. तेलाची बुधली त्याच्या हातातच होती.

"वहिनी, मला माहीत न्हाई," तो म्हणाला.

"काय माहीत नाही?"

"दादा निवडलेला होता का ते. कोणाचंच कोणाला माहीत न्हाई. ती निवड देवाची. मी कोण शिक्का मारणारा?"

"मग मामंजींच्या दगडावर कोणी मारला? तिथं तर तुम्हीच उभं राहून ओळ कोरून घेतली."

त्यानं बुधलीला बूच लावलं. आतून जाऊबाई म्हणाल्या, "आता बोला की. आमच्यापुढं तर लई बोलता."

"तू गप."

"मी गपच हाव. मशीन तेवढी पुसा, कापडाला तेल लागतंय."

त्यानं मशीन पुसली. मग म्हणाला, "आप्पा रीतीप्रमाणं प्रभुभोजन घेत होते. मंडळीच्या रीतीप्रमाणं मी ओळ घातली. दादानं रीतच सोडली, तर मी काय आधारावर बोलू?"

मी त्याला बसमध्ये सुचलेला मुद्दा सांगितला. तो शिक्षक माणूस, मुद्दा लगेच कळला. 

"हे तुम्ही दादाला सांगितलं होतं?"

"नाही. आज सुचलं."

"मला बी कधी सुचलं न्हाई," तो म्हणाला. "दादा विचारायचा, खूण काय? आपण देवाचे हावोत ह्याची खूण काय? मी म्हणायचो, आनंद. ज्याला निवडलंय त्याच्या मनात आनंद असतो. मला होता, म्हणून मी सांगितलं. त्याला तो होईना. तो रोज सकाळी उठून आनंद झालाय का बघून राहिला होता." पुढं म्हणाला, "वर्गात बसलेले बाकीचे सगळे माझं ऐकून विसरले. दादाच तेवढा विसरला न्हाई."

जाऊबाई चहा घेऊन बाहेर आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

मग त्यानं खिशातून फोन काढला, माझ्याकडून पाळकसाहेबांचा नंबर घेतला आणि माझ्यासमोरच लावला. "सलाम. मी लातूरहून बोलतोय, प्रचारक. होय. माझा भाऊ विश्वासात होता. माझी साक्ष आहे म्हणून पंचांना सांगा. होय. होय, पूर्ण विश्वासात." आणि फोन ठेवला.

एवढ्यासाठी मी आले होते आणि ते झालं होतं. मी चहा घेतला.

पण मी बरीच वर्षं रजेचे अर्ज बघते. साहेबाला खात्री असते तेव्हा तो सही कशी करतो आणि समोरच्या माणसाची दया आली म्हणून करतो तेव्हा कशी करतो, हे मला हाताच्या वळणावरून कळतं. दिरानं ‘पूर्ण विश्वासात’ म्हटलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता, जाऊबाईंच्या हातातल्या कपाकडे बघत होता. त्यानं माझ्यावर उपकार केला होता. आपली आयुष्यभराची शिकवण बाजूला ठेवून केला होता, म्हणजे लहान नव्हता. मी ‘बरं झालं’ म्हटलं. त्यानंही ‘बरं झालं’ म्हटलं. मग आम्ही सोयाबीनच्या भावावर बोललो, त्यातलं दोघांनाही फार काही माहीत नव्हतं.

संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. पंच तयार आहेत म्हणाले. मी आभार मानले.

परतायला उशीर झाला म्हणून राहिले. जाऊबाईंनी त्यांच्या खोलीत माझं अंथरूण घातलं. त्या बोलत राहिल्या, शेजारणीचं, सुनेचं, ब्लाउजच्या गिऱ्हाइकांचं. किती दिवसांनी दिवा मालवल्यावर खोलीत दुसऱ्या कोणाचा आवाज होता. त्यांचा आवाज मधेच थांबला आणि त्या घोरायला लागल्या, तेव्हा मी पुन्हा एकटी झाले आणि मला एकट्यानं विचार करावा लागला.

वीस वर्षं ज्या माणसानं भाकरीचा नखाएवढा तुकडा तोंडात घातला नाही, कारण आपण देवाचे आहोत की नाही ह्याची त्याला खात्री नव्हती, त्याच्या तोंडात आता आम्ही तो बळंच घालणार होतो. तेही भावानं दयेपोटी दिलेल्या शब्दावर. ते असते तर काय म्हणाले असते, ते मला अगदी त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं, पण ते मी इथं लिहीत नाही, कारण ते बोलले नव्हते. मला वाटतं ते देवाचेच होते. अजूनही वाटतं. माझ्या मुद्द्यात मला खोट दिसत नाही. पण माझं वाटणं ग्रॅनाइटमध्ये खोदून त्यांच्या नावाखाली लावणं वेगळं. ते स्वतः हे कधीच म्हणाले नव्हते, आणि म्हणायचं असतं तर दर महिन्याला ताट पुढ्यात येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी गच्चीवर गेले आणि मिस्त्रीला फोन लावला.

"मिस्त्री, खालची लाइन घालायची नाही. नाव आणि तारखा."

"न्हाई घालायची? मंजुरी न्हाई मिळाली का?"

"मिळाली. तरी घालायची नाही."

"खाली हातभर जागा खुली राहती, बाई. गुलाब काढू का? गुलाब लई साफ काढतो मी. देठासकट."

"क्रूस आहे वर, तेवढा पुरे. जागा खुली ठेवा."

"लोक म्हणतील मिस्त्रीनं काम अर्धं सोडलं."

"त्यांना माझ्याकडे पाठवा."

"बरं. मी पॉलिश चांगली मारून ठेवतो. पुढं कधी घरच्यायला काही लिहावं वाटलं तर लिहिता यील."

घरचं म्हणजे मीच, आणि माझ्यामागं लिहिणारं कोणी नाही. हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता. मी हो म्हटलं.

खाली आले तर दीर उपासनेसाठी कपडे करून बसला होता. मी त्याला सांगितलं, ओळ घालत नाही. पाळकसाहेबांनाही कळवते.

त्यानं चष्मा काढला, पुन्हा घातला. "माझ्यामुळं?"

"नाही. त्यांच्यामुळं."

तो उठून चपला शोधायला लागला. मग म्हणाला, "उपासनेला थांबता का? आज मीच बोलणार हाव."

"कशावर?"

"तेच ठरवून राहिलो. काल तयार केलेलं सोडून द्यावं म्हणतो."

मी थांबले नाही. सोमवारी ऑफिस होतं आणि कपडे धुवायचे राहिले होते. जाऊबाईंनी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, दाराशी आल्या, "ताई, येत जा," म्हणाल्या. दीर स्टँडपर्यंत सोडतो म्हणाला, त्याला मी उपासनेला पाठवलं आणि चालत गेले. नांदेडची बस गेली होती. अहमदपूरची लागलेली होती, तिथं बदलावी लागणार होती. मी तिच्यात बसले.